सहा सह्या

"तुमची सही पहिली झाली की बाकीचे पाच विभागप्रमुख नाही म्हणणार नाहीत, सर," ग्रंथपाल राजश्री घवाळी म्हणाली.

प्रा. आत्माराम बेंडखळ्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. रत्नागिरीच्या त्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं. पुस्तकं देणं-घेणं एवढं ज्यांचं काम, त्यांना नवं सॉफ्टवेअर कशाला हवं? आणि त्यासाठी सहा विभागांच्या सह्या मागणाऱ्या प्राचार्यांनाही अक्कल नव्हतीच.

"जुनं बंद पडतं?"

"दिवसातून चारदा, सर."

"मग चारदा चालू करा."

ती गेल्यावर त्यांनी हा किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. सगळे पोटभर हसले. एका बोटाने टाइप करणारी ही बाई म्हणे कॉलेज सुधारणार! दिवाळीच्या सुट्टीतही ती ग्रंथालयात बसून होती. शिपाई धोंडू जाडजूड रजिस्टरातून मोठ्याने वाचायचा आणि ती की-बोर्ड टोचत बसायची. दोघं काय करता, असं त्यांनी धोंडूला एकदा विचारलंही होतं.

"नावं भरतो वो सर. म्याडम बोलतात, नव्यात लागतील."

सभासदांची नावं! दहावीतल्या पोराने दोन दिवसांत उरकलं असतं.

सरांना सलत होतं ते वेगळंच. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि 'नावावर पुस्तक नाही' असा ग्रंथालयाचा दाखला मिळाल्याशिवाय पेन्शनचे कागद हलणार नव्हते. त्यांच्या नावावर शंभरावर पुस्तकं होती. ती सगळी लांज्याच्या घरी काचेच्या कपाटांत, शिक्क्याची पानं फाडून, 'प्रा. बेंडखळे ग्रंथसंग्रह' या पाटीखाली लावलेली. पेपरात फोटोसुद्धा आला होता. आता ती परत करायची म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

राजश्री पुन्हा आली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि सहज विचारल्यासारखं केलं.

"कोणी काय नेलंय, त्या जुन्या नोंदी नव्यात येतात का हो?"

तिचा चेहरा पडला. "मशीनने येत नाहीत, सर. कंपनीवाल्याने हात वर केले. जुनं बंद केलं की त्यातलं गेलंच."

सरांना तिची कीवच आली. आपलंच दप्तर पुसलं जाणार, हे विभागप्रमुखाच्या तोंडावर सांगणारी ग्रंथपाल! इतका बावळटपणा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्यांनी सही ठोकली, मोबाइल नंबराच्या रकान्यात नंबरही लिहिला आणि कागद घेऊन स्वतःच बाहेर पडले. समाजशास्त्राच्या अक्षया मॅडमच्या, वनस्पतिशास्त्राच्या विनोद सरांच्या, एकेकाच्या कानात त्यांनी ती बातमी सांगितली. विद्यार्थ्यांचं नुकसान होईल म्हणून आठवडाभर गळे काढणाऱ्यांनी उभ्याउभ्याच नंबर लिहून सह्या केल्या. एकानेही कागद वाचला नाही. विद्वान मंडळी! दुपारपर्यंत सहा सह्या पुऱ्या झाल्या.

नव्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन सरांच्या निरोप समारंभातच ठेवलं होतं. बटण दाबायचा मान त्यांनी मागूनच घेतला. ग्रंथालय हा कॉलेजचा आत्मा आहे, असं ते पंधरा मिनिटं बोलले. सहकाऱ्यांची मनं वळवताना आपल्याला किती कष्ट पडले, हेही सांगायला विसरले नाहीत.

राजश्रीने माऊस त्यांच्यापुढे सरकवला. "इथे दाबा, सर."

त्यांनी दाबलं. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबायच्या आत पहिल्या रांगेत एक मोबाइल वाजला. मग दुसरा, तिसरा. पाचही विभागप्रमुखांच्या माना खाली गेल्या. सहावा सरांच्या खिशात वाजला. त्यांनी चष्मा लावला.

'आपल्या नावावर १३७ पुस्तके आहेत. मुदत संपली आहे.'

सर राजश्रीकडे वळले. "तुम्ही तर म्हणालात, मशीनने येत नाहीत..."

"नाहीच आल्या, सर," राजश्री म्हणाली. "धोंडू वाचत गेला, मी एका बोटाने भरत गेले."