पाहुणीचे बूट

व्हेनिसमध्ये नोव्हेंबरचं पाणी चढायच्या आत आल्विजेने पाहुणीसाठी गुडघ्यापर्यंतचे नवेकोरे रबरी बूट आणून ठेवले. दरवर्षी त्यांच्याकडे खोली घेऊन राहणारी ती विधवा लाडात म्हणाली, "किती काळजी घेता हो माझी!"

नोरीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला कधी बूट घेतले नव्हते.

सकाळी पुराचा भोंगा वाजला, गल्ली पाण्याने भरली. पाहुणी बूट घालून ऐटीत निघाली.

"आणि मी? मी काय पोहत जाऊ बाजाराला?" नोरीना कडाडली.

आल्विजे नेहमीसारखा उंबऱ्यापाशी पाठ वाकवून बसला.

"तिला बूट नसते, तर तिलाही असंच न्यावं लागलं असतं ना! चल, बस पाठीवर."