काजळपहाडची चेटकीण

रत्नाबाई धापा टाकत पोचली, तोवर रंभाबाईचे हात बैलाच्या दाव्याने कडुनिंबाला बांधून झाले होते.

आसगावच्या पलीकडचं ते लहानसं गाव. सन अठ्ठ्याहत्तरचा कार्तिक. कापणी टाकून अर्धं गाव त्या झाडाखाली उभं होतं. रंभाबाई रडत नव्हती. विधवा बाई. तळ्याच्या पाळीवर एकटीच राहायची, शिंगाडे काढून विकायची. त्या आठवड्यात तिने तुलारामच्या पोरीच्या हातावर मूठभर शिंगाडे ठेवले होते. त्याच रात्री पोरीला ताप चढला, तो उतरायलाच तयार नव्हता. आता तुलाराम शेणीचा विस्तव फुंकत होता. शेजारी तिला धुरी द्यायला लाल मिरच्यांचं टोपलं होतं.

“काय करून राहिले रे तुमी?” रत्नाबाई ओरडली.

तुलारामची आई देवकाबाई गर्रकन वळली. “हे तू इचारून राहिली? तूच त वाचून दाखवलं आमाले. एकटी राहते. दिवस बुडताना तळ्यावर जाते. आपल्याच मनाशी बोलते. अन् तिच्या हातचं खाल्लं का लेकरू आंगातून जळते. सारं जुळते का नाही, सांग.”



‘काजळपहाड’ नावाची ती पुस्तकं होती. भंडाऱ्याला भांड्यांच्या दुकानात कामाला असलेला तिचा भाऊ एकेक भाग पाठवायचा. दुपारी बाया तिच्या ओसरीवर जमायच्या. तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या. उडणारा पहाड, बोलणारा मोर आणि तेजमाला नावाची राजकन्या. तेजमालेकडून शिकण्यासारखं किती आहे, असं रत्नाबाई नेहमी म्हणायची. भिऊ नये. दिलेला शब्द पाळावा. आपल्या माणसांसाठी लढावं. चेटकिणीचं बोलणं आलं की ती घोगरा आवाज काढायची, आणि देवकाबाई पदर तोंडाशी धरायची. देवकाबाई काय शिकून घरी जाते, हे मात्र रत्नाबाईने कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या भागाच्या शेवटी लहानग्या राजपुत्राला ताप चढला होता आणि तेजमालेने चेटकिणीला झाडाला बांधलं होतं.

“पाचवा भाग आला म्हणते तुयाकडं,” देवकाबाई म्हणाली. “मंग सांग. पुढं काय केलं तेजमालेनं तिचं?”

सगळ्या माना रत्नाबाईकडे वळल्या. तुलारामचाही हात मिरच्यांवर थांबला. सकाळीच रत्नाबाईने तो भाग वाचून संपवला होता.

“पुस्तक आणू द्या मले,” ती म्हणाली. “तोवर कोणी तिच्या आंगाले हात लावू नका.”

ती घरी पळाली, पुस्तक घेऊन परत आली, आणि उभ्यानेच वाचू लागली. आज तिला कुणाचाच आवाज काढता येत नव्हता. “‘तेजमालेने विचारले, मोरा, हा ताप कोठून आला? मोर म्हणाला, राजकन्ये, विहिरीच्या नासलेल्या पाण्यातून आला. ही म्हातारी निर्दोष आहे. तेव्हा तेजमालेने स्वतःच्या हातांनी तिचे बंध सोडले.’”

बायांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी सुस्कारा टाकला. पण तुलाराम उठून तिच्यासमोर आला.

“काकू, तुमची नजर पानावर नोयती. तुमी मनचं सांगून राहिल्या.” त्याने पुस्तक ओढून घेतलं. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्याने गर्दीकडे पाहून बायकोला हाक मारली. “चंद्रकला, इकडं ये. लेकरू तुयं आहे. तू वाच.”

चंद्रकला शहापूरला सातवीपर्यंत शिकली होती. आजारी पोर खांद्यावर टाकून ती मागे उभी होती. ताप आल्यापासून ती दवाखान्याचं नाव काढत होती. दवाखान्यात चेटूक उतरते काय, म्हणून सासूने तिला गप्प केलं होतं.

ती पुढे आली, तेव्हा रत्नाबाईने डोळे मिटले. आता सगळं संपलं. ते पान वाचल्यावर कुठली आई थांबेल?

चंद्रकलाने एका हाताने पुस्तक धरलं. पानावर छापलं होतं, ‘तेजमालेने पेटती मशाल चेटकिणीच्या केसांना लावली. त्याच क्षणी राजपुत्राचा ताप उतरला आणि नगरात आनंदीआनंद झाला.’

तिने ते ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. पोरीचा तापलेला श्वास तिच्या मानेला लागत होता. तिने मान वर करून रंभाबाईकडे पाहिलं.

रंभाबाई पोरीकडे बघत होती. “पाणी पाज तिले माय,” ती म्हणाली. “ओठ सुकून गेले लेकराचे.”

“काय लिवलं आहे?” तुलाराम खेकसला.

“काकूनं वाचलं तेच.”

तुलारामने एकदा पुस्तकाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. मग मिरच्यांचं टोपलं पायाने बाजूला सारून तो झाडाकडे गेला आणि दाव्याची गाठ सोडू लागला. देवकाबाईचं मात्र समाधान झालं नव्हतं. ती सुनेच्या अगदी जवळ आली.

“अन् लेकराचं? लेकरू वाचलं का नाही? ते वाच ना पुढचं.”

चंद्रकलाने पान उलटलं. पोरीला खांद्यावर वर सरकवून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती वाचू लागली, “‘तेजमाला म्हणाली, आता एक पळही दवडू नका. छकडा जुपा, अन् पोरीले आत्ताच्या आत्ता पवनीच्या दवाखान्यात न्या.’”