दिव्याने घेतलेला जबाब

चर्चमधल्या रविवार-शाळेच्या पालकसभेने एकमताने ठराव केला होता की, सांताक्लॉज ही निरुपद्रवी गंमत असून तिच्यामुळे मुलांच्या श्रद्धेस कोणतीही बाधा पोहोचत नाही. एकमत सहज झाले. ज्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता, त्यांना सभेत बसू दिलेले नव्हते. ठराव नाताळच्या सकाळी साडेसातपर्यंत टिकला.

मूल गावाजवळच्या वनवसाहतीत, वनरक्षक प्रफुल्लच्या दारात, त्याची नऊ वर्षांची दिव्या गुडघ्यांवर बसली होती. पाठीला पुठ्ठ्याचा एकच पंख. दुसरा आई रिनाच्या हातात लोंबत होता. दहा वाजता चर्चच्या नाटकात दिव्या देवदूत होणार होती. खाटेवरची रंगीत कागदातली भेट तिने अजून उघडलीही नव्हती.

वाघाच्या ठशासाठी वडील जंगलवाटेवर बारीक माती पसरतात, तशी तिने आदल्या संध्याकाळी उंबरठ्याशी चुलीची राख चाळून पसरली होती. राखेत ठसा उमटला होता.

"पप्पा, गावला. उजवा पाय. टाच भायेरून झिजलेली."

तिने प्रफुल्लचा बूट शेजारी ठेवला, मोजपट्टी लावली. जुळला.

"सांताचाबी बूट तसाच असन," रिना घाईने म्हणाली.

"सांता फॉरेस्टात नोकरीले आहे का, मम्मी?"

प्रफुल्लला हसू आले. दिव्याही हसली. शोधाचा आनंद निर्भेळ असतो. निष्कर्ष मागाहून येतो. तो आला.

"म्हंजे सांता तुमी. मंग मले दहा वाजता सगळ्याइले सांगाचं आहे, गोठ्यात येशू जलमला म्हनून. तेबी तुमीच बनवलं का?"

रिनाने नवऱ्याकडे पाहिले. ठरावात या प्रश्नाची तरतूद नव्हती.

दिव्याने वही उघडली. सागवानचोर पकडल्यावर प्रफुल्ल कागदाच्या माथ्यावर जो शब्द लिहितो, तोच तिने लिहिला: जबाब.

"खरं सांगा. मंगच दुसरा पंख बांधून घेईन."

प्रफुल्ल राखेपाशी उकिडवा बसला आणि सावकाश, तिच्या पेन्सिलीच्या वेगाने बोलू लागला. शेवटची ओळ लिहिता लिहिता दिव्याने, मान वर न करता, दुसरा पंख बांधायला पाठ आईकडे केली.

वहीत शब्दशः असे आहे:

"सांता मीच होतो. गोठ्यात मी नवतो. तिथला ठसा मी पाह्यला नाई. ज्याइनं पाह्यला, त्याइचं आयकून मानलं. अजूनबी मानतो."