चाड्यावरची मूठ

माय पार्वतीबाई भोकरहून लेकीची नवी नोकरी बघायला नांदेडच्या संग्रहालयात पोचली, तेव्हा लुंबिनी हातमोजे घालून, पुसायचं फडकं हातात घेऊन एका लाकडी वाटीपुढे रडकुंडीला आली होती. उद्या नव्या दालनाचं उद्घाटन, आणि कुठल्याच पुस्तकात वाटीचं नाव सापडेना. तळाला भोकं पाहून तिनं ती पालथी मांडून चिठ्ठीवर लिहिलं, ‘दिव्याची बैठक?’ “यवढं शिकून फडकंच मारून राहिलीस व्हय गं?” म्हणत माय जवळ आली, खळखळून हसली. “अगं, उलटं ठिवलंस की! हे तिफणीचं चाडं हाय, पेरणीचं.” तिनं ते सुलटं करून वर मूठ धरली. नसलेली ज्वारी बोटांतून अशी झरू लागली, की लुंबिनीला पोटरीला आलेलं, कणसं फुटू पाहणारं रान दिसलं. लेकीनं लिहिलं, ‘चाडं. माहिती: पार्वतीबाई, भोकर.’ स्वतःचं नाव वाचून माय लाजली, म्हणाली, “मोज्यांचा दुसरा जोड दे. त्या कोपऱ्यातलंबी उलटंच हाय.”