अख्खी गोळी

डॉक्टरांच्या टेबलावर काकूंनी कागदाची पुडी उघडली. आत एकच गोळी होती, धुऊन पुसून आणलेली.

"ह्यांची प्रेशरची गोळी. रोज बेडपॅनमध्ये अशीच्या अशी सापडते. दोन वर्षं अंथरुणात आहेत हे, मी एकदाही वेळ चुकवली नाही. आणि ही पोटात विरघळतच नाही. मग बंद करू का? उगाच कशाला भरवत बसायचं?"

डॉक्टरांनी गोळी चिमटीत धरून दाबली. ती चपटी झाली. आत काहीच नव्हतं.

"बंद नका करू, काकू. हे नुसतं कवच आहे, प्लास्टिकसारखं, न विरघळणारं. त्याला बारीक भोक असतं. त्यातून औषध दिवसभर थोडं थोडं बाहेर येतं. सगळं काकांना मिळालंय. शेवटी उरतं ते एवढंच."

काकूंनी ते चपटं कवच उचलून परत कागदावर ठेवलं. मग त्यांनी पुडी पुन्हा बांधली, कोपरे नीट दुमडले आणि पर्समध्ये ठेवली.

"आणि तुम्ही कशा आहात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी ना," काकू उठत म्हणाल्या, "दिसायला अख्खी आहे."