हिरोला हात लावायचा नाही

“हिरोला हात लावायचा नाही,” बाईंनी बजावलं आणि काचेच्या झाकणाखालचा केक उचलून त्या आतल्या स्वयंपाकघरात निघाल्या. “मी आणीन तेव्हाच तो बाहेर येईल. तोवर तू डमीवर लाइट लावून ठेव.”

चिमटीने मान हलवली. खाण्याचे फोटो काढणाऱ्यांच्या धंद्यात प्रत्येक पदार्थाचे दोन अवतार असतात. ज्याचा फोटो छापून येणार तो देखणा, म्हणजे हिरो. आणि त्याच्याच भट्टीतून निघालेला, पण कुठेतरी चेपलेला, कललेला, तो डमी. दिव्यांच्या उजेडात तासभर भाजून घ्यायचं डमीने. उजेड, सावली, कोन सगळं जुळलं की त्याला उचलायचं आणि हिरोने ऐटीत येऊन त्या जागी बसायचं.

चिमटीचं खरं नाव स्टुडिओत कोणी घेत नसे. तिच्या हातात सदानकदा चिमटा असायचा, म्हणून ती चिमटी. दोन वर्षं ती बाईंच्या हाताखाली होती आणि दोन वर्षांत तिने हिरोचा एकही फोटो काढला नव्हता. काढायला उभी राहायची, नाही असं नाही. पण हिरो समोर आला की तिचा हातच चालेना. चिमट्याने ती एक पान सरळ करी, मग दुसरं, मग पहिलंच पुन्हा वाकडं वाटू लागे. तेवढ्यात आइस्क्रीमचं पाणी होई, सूपवर साय धरे. “सर बाजूला,” बाई म्हणायच्या आणि दोन-तीन क्लिकमध्ये काम उरकायच्या.

घरी मामा वाटच बघत होता. त्याच्या दुकानात गल्ल्यामागची खुर्ची रिकामी होती आणि भाचीचं हे पानं सरळ करायचं खूळ त्याला मुळीच पटत नव्हतं. काल चिमटीने धीर करून बाईंना सांगून टाकलं, “उद्याही नाही जमलं, तर सोमवारपासून मी मामाकडे.” बाई फक्त “बरं” म्हणाल्या. ‘थांब’ म्हणायला काही पैसे पडत होते का? चिमटीला ते फार लागलं. आणि आज तर हिरोच्या वाऱ्यालाही उभं करत नव्हत्या. म्हणजे संपलंच म्हणायचं.

बेकरीवाले काका कोपऱ्यातल्या स्टुलावर अवघडून बसले होते. त्यांच्या नव्या खोक्यांवर हा फोटो छापायचा होता आणि छापखानेवाला सकाळपासून त्यांच्या डोक्यावर बसला होता. दोन केक त्यांनी स्वतः मांडीवर धरून आणले होते. एक शेवटच्या वळणावर चेपला, तो डमी झाला.

“काय रे बाबा,” चिमटी त्या चेपलेल्या केकला म्हणाली, “तुझाही आज शेवटचाच दिवस का?”

तिने त्याला टेबलावर बसवलं. मागून दिवा लावला, समोर उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा केला. वरून चॉकलेट ओतलं, सरळ भांड्यातून, हात न आखडता. एक ओघळ बशी ओलांडून टेबलावर आला. पुसला नाही. डमीचं कोण पुसतं? काट्याने एक घास तोडून तिने तो बाजूला ठेवला, आत मऊ किती आहे ते दिसावं म्हणून. बोटाला लागलेलं चॉकलेट फडक्याला पुसलं. चिमटा खिशातच राहिला. मजा येत होती. कितीतरी दिवसांनी तिला या कामात मजा येत होती. ती क्लिक करत गेली आणि फोटो शेजारच्या पडद्यावर उमटत गेले.

काका स्टुलावरून उठले. पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला.

“हाच.”

“अहो काका, ही नुसती चाचणी आहे. खरा आत आहे.”

“आत कोणी का असेना! माझ्या दुकानात लोक केक खातात तो असा, सांडत, बोटं चाटत. मला खोक्यावर हाच पाहिजे.”

चिमटी आतल्या दाराकडे वळली. “बाई!” तिने हाक मारली. “जरा हिरो घेऊन या ना. काकांना समजावून सांगा.”

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात बशी होती. बशीत एक काटा होता आणि दुसरं काहीच नव्हतं. हनुवटीला चॉकलेट लागलं होतं. याच बाई सेटवरचं काही तोंडात घातलं तर हातावर फटका मारायच्या. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून त्यांच्या चहातसुद्धा साखर नव्हती.

“हिरो?” चिमटीने रिकाम्या बशीकडे बोट केलं.

“संपला,” बाई म्हणाल्या. “काका, केक फर्मास आहे. गोडाला हात जरा आवरा.”

मग त्या पडद्यापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

“मामांना सांग,” त्या म्हणाल्या, “खुर्चीवर दुसरं कोणीतरी बघा. आणि आमच्या ह्यांना या केकचं बोलू नकोस, घर डोक्यावर घेतील.”

चिमटीला हसू की रडू तेच कळेना. “पण बाई, माझा फोटो बिघडला असता तर? दुसरा केक कुठे होता? एवढा अख्खा हिरो तुम्ही खाऊन बसलात!”

“खाल्ला नसता,” बाई हनुवटी पुसत म्हणाल्या, “तर मी बाहेर येऊन म्हणाले असते, ‘सर बाजूला.’”