स्पष्ट चित्रं

वर्षाली चाकणच्या लॅबमध्ये लोखंडी पार्टमधले तडे शोधायला काढलेले एक्सरे गिऱ्हाइकाकडे उघडतील अशा फॉरमॅटमध्ये बदलून द्यायची. नवऱ्याच्या मेंदूचा एमआरआय पाहून चिखलीच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नवराच म्हणाला, "फिल्मच पुसट आहे, मोठ्या डॉक्टरांना मूळ चित्रं दाखव." मुंबईच्या डॉक्टरांकडे मूळ चित्रांची सीडी उघडेना. मग जेवणाच्या सुट्टीत तिनेच बारीक रेघही न गाळता एकेका चित्राचा फॉरमॅट बदलला आणि हात जोडून सगळी पाठवली. संध्याकाळी घरी जाताना मोशीच्या स्टॉपवर उतरताच डॉक्टरांचा फोन आला. "चित्रं स्पष्ट आहेत, ताई. म्हणूनच सांगतो, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यांना घरीच ठेवा." घरी नवरा वाटच पाहत होता. "उघडली का गं?" "उघडली." "स्पष्ट दिसली?" "अगदी." "मग झालं तर!" तो हसला. "माझे कंपनीचे बूट बाहेर काढ. सोमवारपासून शिफ्टला जातो." पाठमोरी होऊन ती बूट पुसू लागली.